‘मुळातच वाईट’ : एका सोयीस्कर समजुतीचा समाचार

माणूस वाईट का होतो, हा प्रश्न आपल्या समाजात कोणी विचारीत नाही. कारण त्याचे उत्तर प्रत्येकापाशी आधीच तयार असते. किंबहुना दोन उत्तरे तयार असतात आणि प्रसंग पाहून त्यांतले एक बाहेर काढले जाते. गुन्हेगार परका असला, खालच्या मानलेल्या जातीचा असला, पालावरचा असला, की उत्तर येते : ‘खाण तशी माती. रक्तच तसले.’ तोच आपल्यातला निघाला, की उत्तर बदलते : ‘पोरगा मुळात चांगला हो, संगत वाईट लागली.’ पहिल्या उत्तरात दोष त्याच्या आईबापांच्या रक्तावर जातो, दुसऱ्यात शेजाऱ्याच्या पोरावर. आपल्या ओसरीपर्यंत तो कधीच येत नाही, आणि ह्या दोन्ही उत्तरांच्या दीर्घायुष्याचे रहस्य माझ्या मते एवढेच आहे.

मी हे डोंगरकड्याहून लिहितो आहे. नांदेड–हिंगोली रस्त्याच्या अंगाचे, कळमनुरी तालुक्यातले, केळीसाठी ओळखले जाणारे हे गाव. पुण्या-मुंबईच्या विद्वानांनी हाताळावयाचा मानसशास्त्राचा विषय मी येथून का हाताळावा, असे कोणी विचारील. त्याला उत्तर असे की, ज्या विकाराविषयी मला बोलावयाचे आहे तो शहरात जेवढा असतो तेवढाच खेड्यातही असतो. फरक एवढाच की शहरात त्याला इंग्रजी नाव मिळते आणि खेड्यात शिवी किंवा पुढारीपण.

मानसवैद्यकात ज्याला समाजविघातक व्यक्तिमत्त्वविकार म्हणतात, त्याचे वर्णन प्रथम नीट पाहू. फ्रेंच वैद्य फिलिप पिनेल ह्याने १८०१ मध्येच नमूद केले होते की काही माणसांची बुद्धी शाबूत असते, त्यांना भ्रम नसतो, भास नसतो, आणि तरीही त्यांचे वागणे वेड्यासारखे घातक असते. इंग्रज वैद्य प्रिचर्ड ह्याने १८३५ मध्ये त्याला नैतिक वेडाचे नाव दिले. अमेरिकेतील हर्वे क्लेक्ली ह्याने १९४१ मध्ये अशा माणसांवर एक ग्रंथच लिहिला आणि त्यांच्या शहाणपणाला ‘मुखवटा’ म्हटले. आज ज्या कसोट्या वापरतात त्या थोडक्यात अशा : वारंवार कायदा मोडणे, सराईतपणे खोटे बोलणे व फसविणे, पुढचा-मागचा विचार न करणे, चटकन हातघाईवर येणे, स्वतःच्या व दुसऱ्याच्या जिवाची पर्वा नसणे, कोणतीही जबाबदारी न पेलणे, आणि ह्या सगळ्याचा यत्किंचितही पश्चात्ताप नसणे. ह्या सातांपैकी निदान तीन गोष्टी असाव्या लागतात, माणूस अठरा वर्षे पुरा झालेला असावा लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वयाच्या पंधराव्या वर्षाआधीच त्याच्या वागण्यात ह्या विकृतीच्या खुणा उमटलेल्या असाव्या लागतात. ही शेवटची अट वाचकांनी ध्यानात ठेवावी. माझ्या साऱ्या प्रतिपादनाचा खुंटा तीच आहे.

आता पहिल्या उत्तराचा, म्हणजे रक्ताचा, विचार करू.

हे उत्तर नुसते पारावरचे नाही. ह्या देशात ते एके काळी कायदा होते. १८७१ मध्ये इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आरंभी उत्तर हिंदुस्थानात, आणि १९११ च्या कायद्याने सगळ्या ब्रिटिश मुलखात त्याचा अंमल बसला. त्यामागचा युक्तिवाद असा की, ज्या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो त्या देशात चोराचा मुलगा चोरच होणार. म्हणून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या गेल्या. त्यांनी पोलिसांत हजेरी लावावी, परवान्यावाचून हलू नये. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची वसाहत होती. मुलांना आईबापांपासून तोडून वेगळे ठेवण्याचा अधिकारही सरकारने स्वतःकडे घेतला होता. ह्याच सुमारास, १८७६ मध्ये, इटलीत लोंब्रोसो नावाचा वैद्य कवट्या मोजून जन्मजात गुन्हेगाराचे शास्त्र मांडीत होता. साहेबाची पोलिसी आणि इटलीचे शास्त्र ह्यांचे मेतकूट जमले, आणि आमच्या जातिव्यवस्थेने त्यावर आनंदाने अंगठा उठविला. कारण जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याची विद्या तिला कोणी शिकवावी लागत नव्हती.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. पारधी, कैकाडी, भामटे कागदोपत्री विमुक्त झाले. पण मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला, आणि ठाण्यातील हवालदाराच्या डोक्यातली यादी तर कोणत्याच विधिमंडळाला रद्द करता आलेली नाही. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पण ह्या मनोवृत्तीला सरहद्द ठाऊक नसते. आजही गावात चोरी झाली की गावकऱ्यांची बोटे आधी पालाकडे वळतात आणि मग पंचनामा होतो.

ह्या जमातींपैकी ज्यांनी खरोखर चोऱ्या केल्या त्यांना तरी हा विकार होता काय? लातूर जिल्ह्यातील धनेगावच्या लक्ष्मण गायकवाड ह्यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात काय दिसते? पोटाला अन्न नाही, दुसरा धंदा कोणी करू देत नाही, म्हणून हातचलाखी हीच पिढीजात विद्या झालेली. आणि ती विद्या चालविणारी माणसे एकमेकांसाठी मार खाणारी, घरच्यांसाठी जीव टाकणारी. हा विकाराचा अगदी उलटा नमुना आहे. विकारग्रस्त माणसाला आपला-परका हा भेदच नसतो. तो आपल्या बायकोलाही फसवितो आणि भावालाही विकतो. आपल्या पुराणातला वाल्या वाटा मारीत होता तो बायकापोरांसाठी. नारदाने विचारलेला प्रश्न त्याच्या काळजाला भिडला, कारण ज्यांच्यासाठी पाप केले त्यांच्या उत्तराने दुखावले जाईल असे काळीज त्याच्यापाशी होते. ज्याला ते काळीजच नाही त्याच्यापुढे नारद सात जन्म उभा राहिला असता तरी व्यर्थ. म्हणजे १८७१ च्या कायद्याने वाल्यांना पकडले, त्यांच्या लेकरांनाही पकडले, आणि ज्याला पकडावयास हवे होते तो सुटाबुटात बाहेर फिरत राहिला.

तो सुटाबुटातला माणूस पुढे पुण्याने पाहिला. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ ह्या काळात पुण्यात दहा माणसांचे खून झाले. जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून महाराष्ट्र तो ओळखतो. मेलेल्यांत संस्कृत व्याकरणाचे थोर पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर होते. वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेला हा म्हातारा, आणि त्याच्याबरोबर घरातली आणखी चार माणसे. मारणारे कोण? राजेंद्र जक्कल आणि त्याचे साथीदार, टिळक रस्त्यावरच्या कलामहाविद्यालयातले विद्यार्थी. त्यांचा पहिला बळी त्यांच्याच महाविद्यालयातला होता. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी चौघांना येरवड्यात फाशी झाली. त्यांच्या मनाचे निदान करण्याचा मला अधिकार नाही आणि मी ते करीतही नाही. मला बोलावयाचे आहे ते त्या वेळच्या महाराष्ट्राच्या आश्चर्याविषयी. ‘शिकलेली मुले! कलेची विद्यार्थी!’ असे जो तो म्हणत होता. ह्या आश्चर्याच्या पोटात काय दडले होते? शिक्षण आणि कला ह्यांच्या वाऱ्याला असले काही फिरकत नाही, ते तिकडे पालावर असते, ही श्रद्धा. अशाच गुन्ह्यासाठी चार पारधी पकडले गेले असते, तर भयाचा चीत्कार उठला असता; आश्चर्याचा नव्हे.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘मग आनुवंशिकता थोतांड समजावयाची काय?’ मुळीच नाही. जुळ्या भावंडांवरच्या आणि दत्तक मुलांवरच्या अभ्यासांवरून असे दिसते की ह्या प्रवृत्तीत जवळजवळ निम्मा वाटा वारशाचा असावा. परंतु हा वारसा कसला असतो ते पाहण्यासारखे आहे. १९८४ मध्ये डेन्मार्कमधील चौदा हजारांवर दत्तक मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जन्मदाते आणि दत्तक घेणारे ह्यांपैकी कोणालाच शिक्षा झालेली नव्हती, त्यांच्या मुलांपैकी १३.५ टक्के पुढे गुन्ह्यात सापडले. फक्त जन्मदाते गुन्हेगार होते, तेथे २० टक्के. दोन्हीकडचे गुन्हेगार होते, तेथे २४.५ टक्के. रक्तवाद्यांनी ह्यातला वीस हा आकडा खुशाल घ्यावा. पण त्यांनी तोच आकडा उलटा करूनही वाचावा. ज्यांचे रक्तही ‘वाईट’ आणि घरही ‘वाईट’, अशा चार मुलांपैकी तीन मुले सरळ निघाली! शिवाय हा संबंध दिसला तो चोरी-लबाडीच्या गुन्ह्यांपुरता. मारहाण-खुनासारख्या गुन्ह्यांत जन्मदात्यांचा असा प्रभाव आढळलाच नाही. खाण तशी माती म्हणणाऱ्यांच्या खाणीतून चारांत तीन वेळा दुसरेच काही निघते, हे त्यांना कोणी तरी सांगावयास हवे.

कोल्हापूरच्या अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली ह्यांचे प्रकरण अशा वेळी हटकून पुढे केले जाते. आई चोर; मुलीही चोर. चोरीच्या वेळी ढाल म्हणून लहान मुले पळवावयाची आणि अडचण झाली की ती मारून टाकावयाची, असा हा व्यवसाय १९९० ते १९९६ पर्यंत चालला. आई १९९७ मध्ये कोठडीतच मेली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये मुलींची फाशी कायम केली. पण दयेच्या अर्जांवर सरकारने केलेल्या दिरंगाईमुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ती जन्मठेपेत बदलली. ‘पाहा, रक्त!’ असे लोक म्हणतात. अहो, पण ज्या आईने रक्त दिले तिनेच वाढविलेही. चालता येऊ लागल्यापासून जिला चोरीचाच धडा मिळाला, तिच्या बाबतीत रक्त कोठे संपते आणि शिकवण कोठे सुरू होते हे कोणत्या तराजूने तोलणार? एका घराच्या दाखल्यावरून हा वाद कधीच सुटणार नाही. म्हणून तर शास्त्रज्ञांना दत्तक मुलांच्या मागे जावे लागले.

येथवर ज्यांनी माना डोलावल्या असतील त्यांत दुसऱ्या उत्तराचे पुरस्कर्ते पुष्कळ असतील. त्यांचे म्हणणे : ‘परिस्थिती हीच गुन्हेगाराची आई. दारिद्र्य घालवा, गुन्हेगार जातील.’ हे ऐकावयास उदार वाटते, आणि म्हणूनच त्याचा समाचार अधिक कठोरपणे घ्यावयास हवा. आमच्या भागातून दर वर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात. नवरा-बायकोचा कोयता, फडाच्या कडेला कोपी, लेकरे अर्धे वर्ष शाळेबाहेर. दारिद्र्य ही गुन्ह्याची आई असती, तर ह्या कोप्यांतून दरोडेखोरांच्या पलटणी निघाल्या असत्या. प्रत्यक्षात निघतात ती वाकलेल्या पाठीची, उचल फेडता फेडता थकलेली, शब्दाला जागणारी माणसे. गरिबाची कीव करता करता आपण त्याची बदनामी करतो, एवढे ह्या उदारांच्या लक्षात येत नाही. आणि पुण्याचे ते विद्यार्थी कोणत्या कोपीतून आले होते?

मग खरे कारण काय? ते एक नाही. आणि एक नाही हेच पारावर कोणाला ऐकावयाचे नसते. काही मुले जन्मतःच थोडी निडर, थोडी थंड, थोडी उतावळी असतात. हा वारसा. त्यात मुलाच्या वाट्याला घरी मार, हेळसांड, आज लाड तर उद्या लाथ असे भविष्यहीन वागणे आले, की ती ठिणगी पेटते. न्यूझीलंडमधील डुनेडिन येथे १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांचा आयुष्यभर मागोवा घेतला जात आहे. त्यावरून २००२ मध्ये असे मांडले गेले की मेंदूतील एका विकराचे जनुक मंद असलेली मुले लहानपणी छळली गेली तरच पुढे विशेष हिंस्र झाली. तेच जनुक घेऊन मायेत वाढलेली मुले तशी झाली नाहीत. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम कधी ठळक तर कधी पुसट दिसला. पण बी आणि जमीन ह्यांचा हिशेब एकत्रच मांडावा लागतो, ही दिशा कायम राहिली. शेतकऱ्याला हे सांगावयास शास्त्रज्ञ लागू नये.

आणि ज्याला आपण रक्त म्हणतो त्यातले किती खरोखर रक्त असते? १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी हॉलंडच्या पश्चिम भागाची रसद तोडली आणि तेथे दुष्काळ पडला. त्या दुष्काळात गर्भाच्या पहिल्या सहा महिन्यांत ज्यांच्या माता उपाशी राहिल्या, त्यांचे मुलगे अठरा वर्षांचे होऊन सैन्यभरतीच्या तपासणीला आले, तेव्हा त्यांच्यात हा विकार आढळण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीचपट निघाली. एक लाखावर तरुणांच्या नोंदींचा हा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. विकार जडला तो त्यांतल्याही थोड्यांनाच. पण ज्यांना जडला त्यांच्याविषयी शेजारीपाजारी ‘जन्मतःच तसला’ म्हणाले असतील, आणि ते शब्दशः खरेही होते. मात्र दोष पूर्वजांचा नव्हता. मातेच्या पोटातल्या भुकेचा होता, आणि ती भूक माणसांनी लादलेली होती. पोटुशी बाई कोयता घेऊन फडात वाकते, रात्री गाडी भरते आणि शिळ्या भाकरीवर दिवस काढते, ही गोष्ट जो समाज डोळ्यांआड करतो, त्याने रक्ताची परीक्षा करण्याच्या भानगडीत न पडलेले बरे.

आता पंधरा वर्षांच्या त्या अटीकडे येऊ. अमेरिकेतील ली रॉबिन्स ह्या विदुषीने सेंट लुई येथील बालमार्गदर्शन केंद्रात आलेल्या ५२४ मुलांचा तीस वर्षांनंतर शोध घेतला. तिचा ग्रंथ १९६६ मध्ये निघाला. तिच्या साऱ्या कामातून दोन गोष्टी निघतात. ज्यांना मोठेपणी हा विकार जडला ते जवळजवळ सगळे लहानपणापासूनच तसे वागत होते. पण लहानपणी तसे वागणारी बहुतेक मुले मोठेपणी तशी राहिली नाहीत. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणणाऱ्यांनी पहिले वाक्य पाठ करावे. कुत्र्याचे शेपूट वाकडे ते वाकडेच म्हणणाऱ्यांनी दुसरे. रोग ओळखता येतो त्याच वयात तो वळविताही येतो. पुढे चाळिशीपर्यंत त्याला फारसे औषध नाही. इंग्लंडच्या २००९ च्या वैद्यकीय मार्गदर्शनातही ह्या विकारासाठी सर्रास गोळ्या देऊ नयेत असेच सांगितले आहे, आणि भर दिला आहे तो मुलांच्या आईबापांना शिकविण्यावर.

आणि आपण त्या वयात काय करतो? मांजराच्या पिलाला दगडाने ठेचणारे, रोज नवे खोटे बोलणारे, धाकट्यांना रक्त येईपर्यंत मारून वर हसणारे पोर शाळेत असले की आपल्यापाशी तीन उपाय असतात : छडी, दाखला हातात देणे, किंवा ‘बाप्याची जात आहे, चालायचेच.’ छडीने जे मूल भीतीने शिकत नाही तेच तर हे मूल. त्याला मारून आपण त्याला एवढेच शिकवितो की जो बलवान त्याचा हात उठतो. २००९ च्या शिक्षण हक्काच्या कायद्याने शाळेतला मार बंद केला. पण मार बंद करून त्याच्या जागी काय करावयाचे हे मास्तरांना कोणी शिकविले? ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही सरकारची चार जुनी मनोरुग्णालये. त्यांतले एकही मराठवाड्यात नाही. १९९६ पासून देशात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. तो तालुक्याच्या शाळेपर्यंत, मुलाच्या आईपर्यंत पोहोचतो काय, हे ज्याने त्याने आपल्या गावात डोळे उघडून पाहावे.

शेवटचा आक्षेप सर्वांत मार्मिक आहे. ‘तुम्ही अशांना रोगी म्हणता, म्हणजे शिक्षेतून सोडविता.’ नाही. बुद्धिभ्रंश झालेल्याची गोष्ट वेगळी. १९६८ मध्ये मुंबईत रस्त्यावर झोपलेल्यांचे खून करणारा रामन राघव हा खरोखर भ्रमिष्ट होता, आणि म्हणून त्याची फाशी पुढे जन्मठेपेत बदलली. विकारग्रस्त माणसाला मात्र आपण काय करतो आणि ते कायद्याविरुद्ध आहे हे पुरते ठाऊक असते. कायदा त्याला सोडीत नाही आणि सोडूही नये. कारण शोधणे म्हणजे क्षमा करणे नव्हे. पटकी पाण्यातून पसरते हे सांगणारा वैद्य पटकीचा वकील होत नसतो.

उलट ह्या माणसांना सूट कोण देते ते पाहा. १९४१ मध्ये क्लेक्लीनेच दाखविले होते की अशी सगळी माणसे तुरुंगात नसतात. काही यशस्वी, प्रतिष्ठित होऊन वावरतात. दुसऱ्या बाजूने, बारा देशांतील कैद्यांच्या पाहण्या एकत्र करून २००२ मध्ये जो निष्कर्ष निघाला त्यात पुरुष कैद्यांपैकी ४७ टक्क्यांत हा विकार होता. म्हणजे तुरुंगातल्या निम्म्याहून अधिक माणसांना तो नाही, आणि तुरुंगाबाहेर मात्र तो मोकळा हिंडतो. जो विधवेच्या जमिनीवर खोटा अंगठा उठवितो, सख्ख्या भावाला कोर्टात खेटे घालावयास लावतो, पोरींना फसवून मिशीला पीळ देतो, आणि हे सगळे करून ज्याला रात्री सुखाची झोप लागते, त्याला आपण काय म्हणतो? आधी ‘डेरिंगबाज’ म्हणतो, मग ‘दादा’, मग ‘भाऊ’. आणि फाट्यावर त्याच्या वाढदिवसाचा फलक लागतो तेव्हा खाली शुभेच्छुकांत आपले नाव असावे म्हणून वर्गणी देतो.

पालावरच्या भुकेल्या पोराला जन्मजात गुन्हेगार ठरविणारे आणि ह्या फलकावर नाव घालणारे लोक एकच आहेत. रक्ताचा सिद्धान्त त्यांना हवा असतो तो दुसऱ्याच्या रक्ताविषयी. ही समजूत शास्त्राने कधीच मोडीत काढली आहे. आता ती आपण आपल्या शाळेतून, पंचायतीतून आणि पोलीस ठाण्यातून मोडीत काढावयाची आहे. त्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. पोटुशी बाई फडात उपाशी राहणार नाही, मास्तर छडीऐवजी आईबापांना बोलावून घेईल, आणि फाट्यावरच्या फलकाला गाव वर्गणी नाकारील, एवढ्या तीन गोष्टी डोंगरकड्यालाही करता येतात. जे गाव त्या करणार नाही, त्याने ‘मुळातच वाईट’ हा शब्द दुसऱ्या कोणाविषयी उच्चारू नये.